बापूच्या दाराची किल्ली

चहा बापू करणार होता. म्हणजे दुपारी बोलावलेल्या मंडळींच्या हातात कप संध्याकाळी पडणार, हे वहिनींनी निघतानाच गृहीत धरलं होतं आणि दादांना घरूनच एक कप पाजून आणलं होतं. चहावाचून दादा म्हणजे तेलावाचून बिजागरी. हलले की कुरकुरणार.

इथे पोचल्यावर दादांनी बेल दाबली आणि दाबता दाबताच खिशातल्या किल्लीने दार उघडून आत शिरले. दादांच्या सख्ख्या बहीण, ताई, आधीच येऊन बसल्या होत्या. लेक कोर्टाची जाड पिशवी पायाशी ठेवून खिडकीजवळ बसली होती. आता सगळे बापूच्या बाहेरच्या खोलीत ओळीने बसले होते आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत असूनही कोणी उठत नव्हतं. हा लेकीचा नियम होता. "त्याने मागितल्याशिवाय मदत करायची नाही. हात शिवशिवले तर मांडीखाली घालून बसा," असं तिने सगळ्यांना बजावलं होतं. ताई खरोखरच हात मांडीखाली घालून बसल्या होत्या. जन्मभर हॉस्पिटलात नर्स म्हणून राबलेली ती बाई. रिकामा हात तिला सहनच होत नसे.

दादा आणि वहिनींची ही लेक वकील. अपंग माणसांना संस्थांच्या भिंतींतून बाहेर काढून चारचौघांसारखं, चारचौघांत राहायला मिळावं, लागेल ती मदत त्यांच्या घरी यावी, मदतीसाठी घर सोडायला लागू नये, एवढ्यासाठी ती भांडत असे. घरात सगळे तिला वकीलसाहेब म्हणत, निम्मं कौतुकाने आणि निम्मं धास्तीने. बापूला बाहेर काढलं ते तिनेच. संस्थेशी, सरकारी साहेबांशी आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या बापाशी ती त्यासाठी भांडली होती.

बापू म्हणजे दादांचं शेंडेफळ भावंड. पन्नाशी उलटलेलं. हातपाय जन्मापासून त्याच्या मनासारखे चालत नसत. बोटं आत वळलेली, फिरणं चाकाच्या खुर्चीतून, आणि शब्द एकेक करून, आपल्या सवडीने बाहेर येणारे. लहानपणी घरच्या कुलपांच्या दुकानात गल्ल्यामागे तो असा काही ऐटीत बसायचा की गिऱ्हाइकांना मालक तोच वाटे, म्हणून मामंजींनीच, म्हणजे दादांच्या वडिलांनीच, त्याला बापू म्हणायला सुरुवात केली. पुढे तेराव्या वर्षी त्याच मामंजींनी त्याला गावाबाहेरच्या संस्थेत नेऊन ठेवलं. तो दिवस घरात कोणी उगाळत नसे. वहिनी तेव्हा घरात नव्या होत्या. बापूची रिकामी उशी त्यांनी महिनाभर रोज झटकून ठेवली होती, इतकंच त्या कधी कधी बोलून दाखवत.

आता तीन महिन्यांपूर्वी बापू दुकानापासून दोन गल्ल्यांवर, तळमजल्यावरच्या या घरात राहायला आला होता. सकाळ-संध्याकाळ एक मदतनीस येई. दाराचा पिवळा रंग बापूने निवडला होता. उंबऱ्याच्या जागी दादांनी लोखंडी पत्र्याचा उतार बसवला होता आणि दाराला, अर्थातच, कुलूप. साधंसुधं नव्हे. तीन बोल्टचं, दुकानाच्या काचेत मिरवायला ठेवावं असं. कुलूपवाल्याच्या तिसऱ्या पिढीने आपल्या भावाच्या दाराला लावलेलं.

संस्थेने मात्र बापूची खाट राखून ठेवली होती. तीन महिने बघा, जमलं नाही तर परत आणा, असं ठरलं होतं. उद्या सोमवारी ती मुदत संपत होती आणि उद्या संध्याकाळपर्यंत काय ते कळवायचं होतं. मंगळवारी तो प्रकार घडला नसता तर कळवायला काही अडचणही नव्हती.

मंगळवारी ताई गरम सूप घेऊन आल्या. किल्ली घालायला गेल्या तर दार सताड उघडं, किटली कोमट आणि बापूचा पत्ता नाही. ताईंची पाचावर धारण बसली. त्यांनी दादांना फोन केला. दादांनी एक गिऱ्हाईक आत उभं असतानाच दुकानाचं शटर ओढून कुलूप घातलं आणि धावत सुटले. लेक पोलीस चौकीत गेली. वहिनी हॉस्पिटलात चौकशी करून आल्या. तासाभराने बापू सापडला तो कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे, गालाला फेस लावून, आरशात स्वतःकडे बघत बसलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दुकानात अडकलेल्या गिऱ्हाइकाची आठवण दादांना त्याच्याही नंतर झाली.

बापू मिशी कोरून घ्यायला गेला होता. संस्थेत दर शनिवारी सगळ्यांना रांगेत बसवून गुळगुळीत करत. मिशी हवी का, हे तिथे त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं.

"मिशीचं मला काही नाही," ताई म्हणाल्या. विषय त्यांनीच काढला, कारण हात बांधलेले असले तरी तोंड मोकळं होतं. "शोभतेय त्याला मिशी. पण दार? दार उघडं टाकून गेला, दादा! कुलूपवाल्याच्या घरातला माणूस! उद्या कोणी आत शिरलं, डोक्यात काही घातलं, तर काय करणार आपण?"

"आत्या, तू परवा दुधाची पिशवी दाराबाहेर विसरलीस, तेव्हा तुला कोणी संस्थेत ठेवलं का?" लेक म्हणाली.

"मला उठून पळता येतं गं."

"म्हणजे ज्याला पळता येत नाही, त्याला एकही चूक करायची परवानगी नाही?"

"ही कोर्टातली वाक्यं कोर्टात टाक. मी त्याला न्हाऊमाखू घातलंय, कडेवर घेऊन फिरलेय. चोवीस तास डॉक्टर आहे तिथे, नर्स आहे. रात्री पडला तर उचलायला माणूस आहे. मी म्हणते, परत पाठवा म्हणत नाही मी, राहू दे इथे, पण खाट तेवढी अजून सहा महिने राखून ठेवू या. आपल्या जिवाला घोर नको."

"खाट राखली की त्याचं इथलं राहणं पाहुण्यासारखंच राहणार, आत्या. ज्याची खाट तिकडे मांडलेली आहे तो इथे रुजेल कसा?"

दादांनी खिशातला छोटा पेचकस काढला होता आणि खुर्चीचा एक खिळखिळा स्क्रू पिळायला घेतला होता. वहिनींना नवऱ्याची ही खोड ठाऊक होती. मनात पेच पडला की हा माणूस जवळपासचे सगळे पेच आवळत सुटे. मंगळवारपासून त्यांनी घरातली एकही दाराची मूठ सोडली नव्हती.

"अहो, तुमचं मत काय?" वहिनींनी विचारलं.

"कुलूप उत्तम आहे," दादा म्हणाले. "पण लावायला तर हवं ना. उघड्या दारापुढे मी तरी काय करणार?"

म्हणजे दादाही खाटेच्याच बाजूला. वहिनींना स्वतःला काय वाटत होतं, ते त्यांनाच नीट कळत नव्हतं. लेकीचं पटत होतं आणि ताईंची भीतीही खोटी वाटत नव्हती.

तेवढ्यात बापू आला. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी बसवलेली, तिच्यावर कप. तो इतका सावकाश आला की मधल्या दारापाशी सगळ्यांचे श्वास अडकले. ताईंचा एक हात मांडीखालून निसटला, अर्ध्या वाटेवर गेला आणि लेकीची नजर लागताच परत आत गेला. थोडा चहा बशीत सांडला होता, थोडा फळीवर. उरलेला ज्याने त्याने घेतला. चहा गोडमिट्ट होता. संस्थेत साखर मोजून मिळायची, त्याचं उट्टं बापू इथे काढत होता.

"फक्कड!" दादा म्हणाले. त्यांना डॉक्टरांनी साखर बंद केली होती, तरी कप त्यांनी तळापर्यंत रिकामा केला.

बापूने सगळ्यांकडे एकवार पाहिलं. मग म्हणाला, "खाट... ठेवा."

ताईंनी मान डोलावली. "बघ, त्यालाही पटतंय. सहा महिने..."

बापूने वळलेला हात वर केला. बापूचं वाक्य तोडायचं नाही, हाही एक नियम होता आणि तो सगळ्यांत जास्त मोडला जाई.

"सहा महिने नाही. उद्याच... जातो. परत."

लेकीचा चेहरा पडलेला वहिनींनी पाहिला. लहानपणी चित्रावर पाणी सांडलं की तिचा चेहरा असाच व्हायचा.

"बापूकाका," ती हळूच म्हणाली, "तुला खरंच जायचं असेल तर मी अडवणार नाही. पण का? इथे काय कमी आहे?"

"कमी नाही." बापूच्या मिशीचं टोक हललं. "जास्त आहे. तिथे वॉर्डन... एक होता. इथे... सगळेच."

"आम्ही वॉर्डन?" ताई उसळल्या. "मी सूप घेऊन येते रे!"

"येतेस. मी... मोरीत असतो. तू आत. मी झोपलेला असतो... दादा आत. डोळे उघडले की... कोणीतरी आत." एवढं बोलून त्याला दम लागला. कोणी मध्ये बोललं नाही. "तिथे दार वाजवत नसत. मला वाटलं... घरी वाजवतील."

दादांचा पेचकस थांबला. "अरे, पण बेल वाजवतो की मी!"

"वाजवता," वहिनींच्या तोंडून गेलं, "आणि वाजता वाजता आत शिरता."

"मग काय ओळख द्यायची का उंबऱ्यावर? भाऊ आहे मी त्याचा. माझ्याकडे किल्ली आहे."

"कोणाकोणाकडे... आहे?" बापूने विचारलं. "काढा."

दादांनी खिशातून किल्ली काढून फळीवर ठेवली, चहाच्या ओघळाशेजारी. ते कुलूप बसवणारे. त्यांच्याकडे किल्ली असण्यात त्यांना वावगं काहीच दिसत नव्हतं. मग त्यांचं लक्ष ताईंकडे गेलं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"तू मंगळवारी किल्ली घालायला गेलीस म्हणालीस," दादा म्हणाले. "कुठली किल्ली? मी तर तुला दिली नव्हती."

मग ताईंनी पर्समधून एक किल्ली काढली आणि दादांच्या नजरेला नजर न देता फळीवर ठेवली. दादांनी ती उचलली, चष्मा कपाळावर चढवला, किल्ली डोळ्यांशी नेली आणि त्यांचा तिळपापड झाला.

"ही आपल्या दुकानातली नाही! दात बघ कसे घासलेत, उंदराने कुरतडल्यासारखे. कुठे करून घेतलीस? पुलाजवळच्या त्या भामट्याकडे?"

"तुला कळू नये म्हणून..."

"माझ्या कुलपाची किल्ली त्याच्या हातात दिलीस! माझ्या सख्ख्या बहिणीने!"

"बाबा, किल्ली कुणी घासली हा मुद्दा नाही," लेक म्हणाली.

"तुझ्याकडे नाही ना?" ताईंनी लगेच विचारलं. पुढाऱ्याच्या चुका शोधणाऱ्याच्या उत्साहाने विचारलं.

वकीलसाहेब कानापर्यंत लाल झाल्या. "कधी काही तातडीचं झालं तर असावी म्हणून... तुझ्याच किल्लीवरून, आत्या. तू न्हाणीघरात होतीस तेव्हा."

"वा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! भाषणं देते सभेत, ज्याचं घर त्याचा शब्द, म्हणून!"

लेकीने तीही किल्ली फळीवर ठेवली. तिने काही बचाव केला नाही, आणि वहिनींना तिचा अभिमान वाटला. पण तो फार वेळ टिकला नाही, कारण आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. त्यांनी पर्सचा कप्पा उघडला. दादांनी दुकानात घासलेली जी पहिली किल्ली बिघडली म्हणून फेकून दिल्याचं वहिनींनी सांगितलं होतं, ती बिघडलेली नव्हती.

"तूसुद्धा?" दादा म्हणाले.

"मदतनिसाकडेही एक आहे," वहिनी म्हणाल्या. सगळंच ओकून टाकलेलं बरं. "मीच करून दिली. सकाळी त्याला उठवायला येतो, तो आत कसा येणार?"

फळीवर किल्ल्यांचा ढीग झाला होता. पुलाजवळची, दुकानातली, पिवळी, पांढरी. बापूने आपली वळलेली बोटं त्या ढिगावर ठेवली आणि एकेक किल्ली बाजूला सारली. काहीतरी शोधत असल्यासारखी. सगळ्या बाजूला झाल्यावर त्याने वर पाहिलं.

"माझी?"



"तुझी दुकानात आहे," दादा म्हणाले. "पाटीवर टांगलेली. सुरक्षित आहे. तुझ्या बोटांत ती फिरायची नाही, म्हणून म्हटलं..."

"विचारलंस?"



आणि मग वहिनींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस सगळे ओरडत होते, दार उघडं टाकलं, दार उघडं टाकलं. ते का टाकलं, हे एकानेही विचारलं नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तो दार लावणार कशाने होता?"

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग त्या तीन बोल्टच्या देखण्या कुलपाकडे. ताईंनी तोंडावर हात ठेवला. यावेळी मांडीखालून हात काढल्याबद्दल त्यांना कोणी बोललं नाही.

"ओढून घेतलं... तर बंद," बापू म्हणाला. "मग मी बाहेर. तुमच्यापैकी कोणी येईपर्यंत... रस्त्यावर. म्हणून उघडं."

दुकानाचा एक दंडक होता, मामंजींच्याही आधीपासूनचा. नवं कुलूप बसवलं की सगळ्याच्या सगळ्या किल्ल्या मालकाच्या तळहातावर ठेवायच्या. जादा किल्ली दुकानात ठेवायची नाही, मागितली तरी नाही, ओळखीचा असला तरी नाही. मग मालकाने स्वतःच्या हाताने एकदा दार लावून, एकदा उघडून दाखवायचं. तोवर हत्यारं पिशवीत भरायची नाहीत. दादा हा दंडक नव्या कारागिराला पहिल्या दिवशी शिकवत आणि मामंजींनी तो गल्ल्यामागे बसलेल्या बापूलाही पाढ्यासारखा शिकवला होता.

"दादा," बापू म्हणाला, "किल्ल्या... कोणाला द्यायच्या?"

"मालकाला."

"किती?"

"सगळ्या."

"आणि मग?"

"मालकाने लावून दाखवायचं." दादांनी चष्मा काढून पुसला. "पण तू काय गिऱ्हाईक आहेस का रे? तू घरचा माणूस."

"घरचा..." बापू म्हणाला, "म्हणून... दार माझं नाही?"

दादा उठले, दारापाशी गेले, पेचकस लावला आणि स्वतःच्या हाताने बसवलेलं ते उत्तम कुलूप काढायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात वहिनींनी या माणसाला रडताना फार थोड्या वेळा पाहिलं होतं. आज त्यांची पाठच दिसत होती, पण पेचकस खाचेतून सारखा निसटत होता, आणि दादांच्या हातून पेचकस कधी निसटत नसे.

"उद्यापर्यंत कळवू नका संस्थेला," ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. "काय सांगायचं ते हा सांगेल. कुलूप बसल्यावर."

"आणि आजची रात्र? बिनकुलपाची?" ताई म्हणाल्या.

"आतून कडी आहे, आत्या," लेक म्हणाली. "ती खाली आहे. बापूकाकाचा हात पोचतो."

"हो. पण मग मी रोज..." ताई थांबल्या. आतून कडी लावलेली असती तर आपली किल्ली चाललीच नसती. बापूने ती कधीच लावली नव्हती, आपण बाहेर ताटकळू नये म्हणून, हे त्यांना आत्ता कळलं. त्या उठल्या, बापूच्या खुर्चीपाशी आल्या आणि नियमबियम बाजूला ठेवून त्याचं डोकं पोटाशी धरलं. "मेल्या, बोलायचं नाहीस का आधी?"

"बोललो असतो," बापू त्यांच्या पोटाशी दबलेल्या आवाजात म्हणाला. "तुम्ही मध्ये... बोलता."

सोमवारी सकाळी दादा मेणाचा गोळा घेऊन आले. कुलूपवाला मेणावर किल्लीचा ठसा घेतो. दादांनी बापूच्या मुठीचा घेतला. दोनदा घेतला, कारण पहिल्या वेळी बापूला हसू आलं आणि मूठ हलली. मग दुकानात बसून त्यांनी त्या ठशाबरहुकूम लाकडाची मूठ कोरली, बोटं जिथे वळत होती तिथे वळणारी, आणि तिच्यात किल्ली पक्की बसवली. कुलूपही बदललं. तीन बोल्ट गेले, एकच आला, पण लोण्यासारखा सरकणारा.

दुपारी सगळे बाहेर गल्लीत उभे राहिले. मालकाने लावून दाखवायचं होतं. बापू उतारावरून बाहेर आला, दार ओढून घेतलं आणि मुठीत मूठ धरून किल्ली भोकाशी नेली. पहिल्यांदा ती घसरली. दुसऱ्यांदा आत गेली पण फिरेना. ताईंनी पदरात तोंड लपवलं. दादा पुटपुटत होते, डावीकडे, डावीकडे, पण जागचे हलले नाहीत. हलू नये म्हणून वहिनींनी त्यांचा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला होता.

तिसऱ्यांदा कुलूप खट्‌कन लागलं. मग बापूने उलटी फिरवली आणि ते उघडलं. दादांनी हत्यारं पिशवीत भरली. दुसरी, साधी किल्ली त्यांनी बापूच्या तळहातावर ठेवली. जुन्या सगळ्या त्यांनी सकाळीच दुकानात मोडून टाकल्या होत्या. पुलाजवळची सगळ्यांत आधी.

"ही... मदतनिसाला," बापू म्हणाला. "सकाळी उठवतो. माझ्याकडून... त्याला."

"आणि मी?" ताईंनी विचारलं.

"तू... बेल वाजव."

"मी बेल वाजवीन आणि तू दार उघडायला पाव तास लावशील."

"लावीन. थांब."

मग तो आत गेला आणि फोन लावला. उघड्या खिडकीतून बाहेर सगळ्यांना ऐकू येत होतं. पलीकडच्या माणसाला बोलणं नीट कळत नसावं. तो बहुधा नातेवाइकांना फोन द्या म्हणाला, कारण बापू म्हणाला, "नातेवाईक... बाहेर उभे आहेत." आणि मग सावकाश, एकेक शब्द निवडून, "खाट... दुसऱ्याला देऊ नका. मोडा."

लेक गल्लीतच टाळ्या वाजवायला लागली.

पुढच्या रविवारी दादांना राहवेना. आठवडाभर त्यांनी स्वतःला आवरलं होतं. चहाची वेळ झाली तशी ते उठले, आणि एकटे गेले तर काहीतरी घोळ घालतील म्हणून वहिनीही निघाल्या. पिवळ्या दारापाशी येऊन दादांचा हात सवयीने खिशात गेला. खिसा रिकामा होता. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, घसा साफ केला आणि बेल दाबली.

बराच वेळ काही झालं नाही. मग आतून खुर्चीची चाकं वाजली.

"कोण?"

"मी रे."

"मी... कोण?"

"अरे, मी दादा!"

"काय काम?"

भावाच्या दारात उभं राहून कामाचं कारण द्यायची वेळ दादांवर कधी आली नव्हती. "काम काही नाही. म्हटलं, चहा घ्यावा तुझ्याकडे."

"आज नको," बापू आतून म्हणाला. "मास्तर आलेत."

मास्तर म्हणजे संस्थेतले त्याच्या शेजारच्या खाटेवरचे, एके काळी शाळेत शिकवणारे गृहस्थ. लेकीच्या माणसांनी त्यांना गाडीत घालून दिवसापुरतं आणलं होतं. ते बाहेर यायला घाबरतात, असं बापू सांगत असे.

"आमचं... बोलणं चाललंय. उद्या या."

"बरं," दादा म्हणाले.

ते उतारावरून खाली आले, पण गेले नाहीत. आतून कुजबुज ऐकू येत होती. बापूचा अडखळता आवाज आणि दुसरा एक म्हातारा, चाचरणारा आवाज. मग दारात किल्ली फिरली. खट्. लागलं. थोडं थांबून उलटी फिरली. उघडलं. पुन्हा लागलं, पुन्हा उघडलं. आता किल्ली दुसऱ्याच कोणाच्या हातात होती, कारण ती आधी चुकत होती, मग जमत होती. आणि प्रत्येक वेळी जमलं की आत दोन म्हातारी पोरं खिदळत होती.

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. दादांचे डोळे भरून आले होते आणि मान किंचित कलती होती, दुकानात कुलूप कानाशी धरून ऐकताना असे तशी.

"काय हो? हाकललं ना धाकट्याने?"

दादांनी बाहीला डोळे पुसले आणि आणखी एक खट् होईपर्यंत थांबले.

"कुलूप छान बसलंय," ते म्हणाले.